भानुदासला पोचवायला

मी चार दिवस जालन्याला जाते आहे असं सांगितल्यावर आमच्या यजमानांनी पेपर खाली ठेवला. "जालन्याला? तिथे आहे काय?" त्यांच्या मते प्रवासाला जावं ते एक तर समुद्राच्या दिशेनं, नाही तर देवाच्या. मी म्हटलं, "मोसंबी आहेत." मग त्यांनी पेपर पुन्हा उचलला आणि गोड बघून आण म्हणाले. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पण ते मोठ्यानं बोललं की आमच्या घरात जरा वेळ कोणी काही बोलायचं नाही, म्हणून आम्ही दोघांनी मोसंब्यांवर भागवलं.

खरं कारण म्हणजे भानुदास. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. नाशिकच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून मी निवृत्त झाले होते. घरात बसवेना, म्हणून एका लहानशा संस्थेतर्फे तुरुंगात साक्षरतेचा वर्ग घ्यायला जायला लागले. तिथे हा पस्तिशीचा, खाली मान घालून बसणारा माणूस भेटला. जाफराबादजवळच्या आपल्या गावात, शेताच्या वाटेवर, ओळखीच्या एका बाईवर त्यानं बलात्कार केला होता. सात वर्षांची शिक्षा झाली होती.

आमच्या संस्थेचे एक मानसोपचाराचे डॉक्टर अशा कैद्यांना आठवड्यातून एकदा गोल करून बसवायचे आणि बोलतं करायचे. हळूहळू मीही त्या गोलात जाऊन बसायला लागले. माझा तिथे उपयोग व्याकरणाचा. ही माणसं बोलायला लागली की त्यांच्या वाक्यांतून कर्ताच पळून जायचा. "माझ्याकडून चूक झाली." "तसलं घडलं." "हातून होऊन गेलं." जसं काही पाऊस पडला किंवा वीज गेली. मी मधेच म्हणायची, "झालं नाही, केलं म्हणा. कोणी केलं?" डॉक्टर हसायचे, पण मला थांबवायचे नाहीत. भानुदासला 'मी केलं' म्हणायला दीड वर्ष लागलं. आमची पाचवीतली मुलं त्यापेक्षा लवकर शिकायची, पण त्यांना फक्त पेपर लिहायचा असे.

आता तो सुटत होता. आईवडील गेलेले, गावाची वाट बंद, आणि ती बंद असणंच बरोबर होतं. अशा माणसाला हातात पिशवी देऊन फाटकाबाहेर सोडलं की तो गर्दीत मिसळतो, कुठे राहतो आणि काय करतो ते कोणाला कळत नाही. डॉक्टरांना त्याचीच भीती वाटायची. म्हणून त्यांनी दोन दारं ठोठावून ठेवली होती. एक, जालन्यात मस्तगडला लाकडी सामानाचा कारखाना असलेले शकूरचाचा. दोन, अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडच्या गावात दिलेली भानुदासची थोरली बहीण कौसाबाई. दोन्ही घरं बघायची, माणसं बघायची आणि भानुदासला एका ठिकाणी पोचवून यायचं. डॉक्टर स्वतः निघणार होते, पण ऐन वेळी त्यांची पाठ धरली. माझे नुसते गुडघे दुखत होते, म्हणून मी निघाले.

मस्तगड

जालन्याच्या एसटी स्टँडवर उतरल्याउतरल्या मी भानुदासला हरवून बसले.

त्याचं असं झालं होतं की सात वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं एकही दार उघडलं नव्हतं. वाटेत औरंगाबादला हॉटेलात गेलो तर तो दाराशी उभा. कोणी तरी आत घालेल म्हणून वाट बघत होता. पाणी प्यायचं तरी माझ्याकडे बघायचा. "बाई, जाऊ का?" हे त्यानं जालन्याच्या स्टँडवर करंगळी वर करून विचारलं तेव्हा मला माझा वर्ग आठवला आणि मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "भानुदास, हे आता तुझं तू ठरवायचं." त्यानं ते ठरवलं, आणि गेला तो येईचना.

मी स्टँडवर सामान राखत बसले. पहिल्यांदा राग आला, मग सारखी घड्याळ बघायला लागले. डॉक्टरांना काय तोंड दाखवू, असा विचार करत होते. शेवटी एका पेरूवाल्या बाईला पिशव्या सांभाळायला सांगून बाहेर आले, तर भानुदास समोर, रस्त्याच्या पलीकडे. मुतारी पलीकडे असल्याचं त्याला कोणी तरी सांगितलं होतं. गेला होता तो कोणाच्या तरी मागोमाग. परत यायला मात्र कोणी मिळालं नव्हतं. रिक्षा, लुना, लोखंडाच्या सळ्या लादलेले ट्रक, सगळं त्याच्या समोरून चाललं होतं आणि तो एक पाय पुढे टाकून मागे घेत होता.

मी जाऊन हाताला धरून आणला. तो म्हणाला, "गाड्या थांबूनच न्हाई राह्यल्या, बाई."

पेरूवाल्या बाईनं त्याला आपादमस्तक बघितलं आणि मला हळूच विचारलं, "पोरगा का? पहिल्यापसूनच असा हाये का?" मी पेरू घेतले.

मस्तगडात रस्ता आमच्या जुन्या नाशकासारखाच अरुंद, पण आमच्याकडे भांडीवाल्यांची ठोकाठोक असते, इथे रंध्याची खरखर आणि मागून कोणाच्या तरी रेडिओवर कव्वाली. शकूरचाचांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पुढे तयार दिवाण आणि कपाटं, मागे भुशाचा डोंगर. चाचा साठीचे, दाढीत भुसा अडकलेला. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मनातलं बोलायचं असलं की दोन्ही एकत्र.

"बाई, तुम्ही बैठो. चाय घ्या. मंग बात करू."

त्यांना डॉक्टरांनी आधीच सगळं सांगितलेलं होतं. तरी चहा संपल्यावर ते भानुदासकडे वळले. "मला मालूम आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. काय केलं तू?"

भानुदासनं सुरुवात केली, "माझ्याकडून..." मग माझ्याकडे बघितलं, थांबला. "मी एका बाईवर जबरदस्ती केली. ती नको म्हनत होती."

चाचांनी रिकामे कप एका बाजूला सारले. मग विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

"बहिणीला माहीत हाये."

"लपवायचं कोणापासून?"

"कोणापसून न्हाई."

"ठीक. इथं चार कारीगर आहेत. त्यांना मी सांगणार. बाहेर बाजारात ढोल पिटणार नाही, पण कोणी विचारलं तर झूट बोलणार नाही. चालंल?"

भानुदासनं मान हलवली. मी आजूबाजूला बघत होते. समोरून मुलींचा एक घोळका शाळा सुटून चालला होता, दोन वेण्या आणि निळ्या रिबिनी. मी चाचांना म्हटलं, "ही वाट रोजची का?" ते म्हणाले, "बिलकुल रोजची." मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की इथे राहिलाच तर शाळेच्या येण्याजाण्याच्या वेळी त्यानं मागच्या खोलीत रंधा मारायचा. भानुदास स्वतःहून म्हणाला, "मागंच बरं हाये मला." त्याला तुरुंगात सुतारकाम शिकवलेलं होतं. चाचांनी त्याला एक फळी दिली. तिच्यावरून रंधा फिरला तसे चाचा पहिल्यांदा हसले.

राहायचं कुठे, तर तिथेच माळ्यावर. चाचांचे थोरले भाऊही कारखान्यातच झोपत. झोपत म्हणजे नुसते आडवे होत. "पंधरा साल झाले, त्यांना नींद नाही," चाचा म्हणाले. "उंदीर हालला तरी नाव विचारतात. याच्यापेक्षा चांगला पहारेदार सरकारकडे पण नाही."

दुपारी चाचांच्या घरून डबा आला. पिवळी खिचडी आणि चिंचेचं पातळ आंबट, त्याला ते खट्टा म्हणतात. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात, सोबत तूप आणि पापड, आणि खाणाऱ्याचा चेहराही आजाऱ्यासारखाच असतो. ही खिचडी खाऊन मला घाम फुटला आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतली. भानुदास ताट घेऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. चाचांच्या भावानं त्याला काही न बोलता उठवला आणि आपल्या शेजारी बसवला.

जाफराबाद

दुसऱ्या दिवशी भानुदासला कारखान्यात ठेवून मी एकटी जाफराबादला गेले. तिथे 'ती' राहत होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. गाव सोडून ती तालुक्याला आली होती आणि शिलाईचं दुकान चालवत होती. तिथल्या अंगणवाडीच्या बाईंकडून आम्ही आधी विचारून घेतलं होतं की कोणी भेटायला आलं तर चालेल का. तिचा निरोप आला होता, बाई येणार असतील तर चालेल.

एसटी चुकली, म्हणून काळीपिवळी जीप. माझं वय आणि आकार बघून मला मानाची जागा दिली, पुढे ड्रायव्हरशेजारी. त्या जागेत गिअरचा दांडा आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे येतो हे बसेपर्यंत कोणी सांगत नाही. दर वळणाला ड्रायव्हर अदबीनं म्हणायचा, "मावशी, जरा पाय." मी पाय घ्यायची, तो गिअर टाकायचा. मागे किती माणसं होती ते मोजणं मी सोडून दिलं, कारण त्यातलं एक शेळी निघालं. दोन्हीकडे कापूस वेचणीला आलेला, सोयाबीन काढून रिकामी झालेली काळी रानं, आणि जीपमध्ये सगळ्यांना एकच प्रश्न, मी कोण. शेजारच्या आजींनी ठरवलं की मी कुटुंबनियोजनाची बाई. त्यानंतर मागच्या बाकावरच्या दोन सुना माझ्याकडे बघायच्याच बंद झाल्या.

दुकान लहान होतं, दारात ब्लाउज टांगलेले. ती पस्तिशीच्या आतबाहेरची, किडकिडीत, नाकावर चष्मा. मी नाव सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली ते हे, "ह्या बाह्या कोनी शिवल्या?"

"नाशिकला."

"बिघडवल्यात. काखेत ओढतंय ना?"

ओढत होतं. आठ महिने ओढत होतं आणि मी ते माझ्या वयावर ढकलत होते.

मग मी सांगितलं की तो सुटला आहे. आज जालन्यात आहे. मशीन थांबलं.

"कधी सुटला?"

"परवा."

"परवा," ती म्हणाली. "म्हंजे दोन दिवस तो मोकळा फिरून राह्यला आणि मी हितं दार उघडं टाकून बसले."

निरोपात सुटकेचा वार कळवायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

तिनं सुईत दोरा घातला. तो एका झटक्यात गेला. "तुमी तुरुंगात जात होत्या त्याच्याकडं?"

"दोन वर्षं. आठवड्याला एकदा."

"आणि माझ्याकडं?"

"आज पहिल्यांदा."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं स्टूल पुढे सरकवलं. "मंग बसा नीट. बाई, ब्लाउज काढा, तंवर ही ओढणी घ्या. बाही उसवून देते."

म्हणून त्या दुपारी मी अंगाभोवती परक्या बाईची ओढणी गुंडाळून, पडद्यामागे बसून, आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं केलं. ती उसवत होती आणि बोलत होती.

"तो रडला का कधी?"

"हो."

"मला त्याचं काय करायचं. पन सांगितलं ते बरं केलं." मग थोड्या वेळानं, "तो सुधरंल का?"

मी म्हटलं, "मला खात्री देता येत नाही. कबूल करतो. काम येतं. जिथे राहील तिथे लोकांना माहीत असेल आणि त्यांचं लक्ष असेल. तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला आले."

"माझं म्हननं?" तिला हा शब्द नवीन वाटला असावा. "कोर्टात लई इचारलं मला. असं कोनी इचारलं नव्हतं." तिनं उसवलेला दोरा ओढून काढला. "त्यानं जालन्याच्या वर यायचं न्हाई. सन न्हाई, लगीन न्हाई, कोनाची मयत असली तरी न्हाई. आणि माफी मागायला बी यायचं न्हाई. तुमच्या डाक्टरला सांगा. तो येनार, रडनार, लोकं म्हनतील बघा कसा सुधरला, आणि च्या मलाच करायला लागंल."

मला हसू आलं, आणि मग मी तिच्याकडे बघितलं तर तीही हसत होती, चष्मा पुसत. चहा तिनं मला केला. ब्लाउज इतका छान बसला की मी जालन्यापर्यंत हात वर करून दांडी धरू शकले. परतीच्या जीपमध्ये मला मागे जागा मिळाली होती.

अंकुशनगरच्या अलीकडे

तिच्या अटी भानुदासला सांगितल्या तेव्हा आम्ही अंबडच्या गाडीत होतो. त्यानं एकेक ऐकली. "बराबर हाये," एवढंच म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला.

ऊसतोडीचे दिवस. रस्ताभर बैलगाड्या, ट्रॅक्टर, पडलेल्या उसाच्या कांड्या आणि हवेत मळीचा तो गोड-आंबट वास. आमच्याकडे द्राक्षांच्या मोसमात असा वास पहिले दोन दिवस बरा वाटतो, इथे लोक तो चार महिने घेतात आणि विचारलं तर म्हणतात, कसला वास?

कौसाबाई लांबूनच ऐकू आल्या. उंच, रुंद बाई, आवाज शेतापलीकडच्या माणसाला बोलवायच्या मापाचा. भावाच्या गळ्यात पडून रडल्या, तेही त्याच मापानं. मग डोळे पुसून माझा हात धरला आणि आत नेलं. अंगण सारवलेलं, शेजाऱ्यांच्या चार खुर्च्या मांडलेल्या, आत भज्यांचा घाणा चाललेला. येसराची आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मी अगदी संकोचून म्हटलं, "माझ्यासाठी एवढं कशाला?"

"तुमच्यासाठी बी हाये की," त्या म्हणाल्या.

'बी' या अव्ययाचा अर्थ पंधरा मिनिटांनी कळला. दोन पाहुणे आले. टोपीवाले एक वयस्क गृहस्थ आणि त्यांचा धाकटा भाऊ. कौसाबाईंनी माझी ओळख करून दिली, "ह्या नाशकातल्या कंपनीच्या मॅडम. भावाला सोडायला आल्यात."

पाहुणे मुलीकडचे होते. मुलगा बघायला आले होते.

भानुदासचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं. टोपीवाले गृहस्थ मोठ्या आदरानं माझ्याकडे वळले. "सात वर्सं एकाच कंपनीत म्हंजे पोरगा टिकाऊ हाये."

मी म्हटलं, "हो, मधे कुठे गेला नाही."

"राहनं-खानं कंपनीचंच?"

"सगळं."

"सुट्टी बी घेत नव्हता म्हनं. बहिणीकडं कधी दिसला न्हाई."

माझ्या तोंडात भजं होतं. ते मी लांबवता येईल तेवढं लांबवलं. "कामाला कसा हाये?" त्यांनी विचारलं. या एका प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर होतं. "रंधा सुंदर मारतो," मी म्हटलं, आणि पाणी आणते म्हणून आत पळाले.

आत कौसाबाई कढईशी. मी दबक्या आवाजात म्हटलं, "हे काय चाललंय? त्यांना काहीच सांगितलेलं नाही?"

"बाई, लगीन झालं की मानूस ठिकानावर येतंय. पोरगी गरीब हाये, सोशीक हाये."

"कौसाबाई, तो आजारी नाही आणि ती औषध नाही."

त्यांनी झारा कढईवर आपटला. "तुमाला काय जातंय बोलायला. खोट्या केसमधी माझ्या भावाचं आयुष्य गेलं, आता त्यानं संसार बी करायचा न्हाई का?"

मी तिथेच थांबले. खोट्या केसमध्ये. 'बहिणीला माहीत हाये' याचा अर्थ एवढाच होता. तिला केस माहीत होती. सात वर्षांपूर्वी, पहिल्या भेटीत त्यानं तिला जे सांगितलं होतं, तेच ती धरून बसली होती. गावाचे टोमणे खाल्ले होते, त्या दुसऱ्या बाईला शिव्या दिल्या होत्या, आणि कंपनीची गोष्ट रचली होती.

मी बाहेर आले. भानुदासला म्हटलं, "जरा गोठ्याकडे चल." तिथे एक म्हैस, ती आणि मी त्याच्याकडे बघत होतो. मी म्हटलं, "बहिणीला काय सांगितलं होतंस?"

तो म्हशीच्या दाव्याची गाठ चाचपत राहिला.

"मी तुझ्या वतीनं बोलणार नाही, आणि इथे बसून भजीही खाणार नाही. मी एसटीच्या फाट्यावर जाते आहे."

मी खरोखरच चपला घातल्या. एक पायात गेली, दुसरी कुत्र्यानं कुठे नेली होती. ती शोधत असतानाच मागून त्याचा आवाज आला. अंगणात तो पाहुण्यांच्या पुढे उभा होता.

"पाव्हणं, मी कंपनीत नव्हतो. तुरुंगात होतो. मी आमच्या गावातल्या एका बाईवर बलात्कार केला. केस खरी हाये." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, "अक्का, केस खरी हाये. मी तुला खोटं सांगितलं."

कौसाबाई झारा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. घाण्यातली भजी जळायला लागली होती आणि त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मीच एका चपलेनं आत जाऊन स्टोव्ह बंद केला.

धाकटे पाहुणे ताडकन उठले आणि भानुदासच्या अंगावर गेले. टोपीवाल्यांनी त्यांना हातानं मागे सारलं. ते खुर्चीवरच बसून होते. बशीतला उरलेला चहा त्यांनी प्यायला, कप खाली ठेवला. उठताना भानुदासला म्हणाले, "तू बोल्ला न्हाई असता तर माझी लेक गेल्ती." मग कौसाबाईंकडे बघून, "तुमी बी लेकीच्या आई हायेत." दाराशी त्यांनी मला हात जोडले. मी कोणत्या कंपनीची, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत कौसाबाई कामातच राहिल्या. म्हशीचं केलं, धार काढली, भांडी घासली. अंगणात त्या अशा वावरत होत्या की तिथे भानुदास नावाचा माणूस नाहीच. तो ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. जेवणाच्या वेळी त्यांनी मला ताट वाढलं. भाकरी अशी आपटली की आमटी माझ्या नव्या बाहीवर उडाली. पण वर लोण्याचा गोळा होता, आणि तो लहान नव्हता.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात."

"मंग काय करू? त्याच्यावर तर अजून रागावताच येऊन न्हाई राह्यलं." त्या माझ्यासमोर बसल्या. "मी तिला लई बोल्ले हो. माहेरी गेल्ते तवा बाजारात भेटली व्हती एकदा. समोरासमोर बोल्ले. चार बायांच्या पुढं." आणि मग त्या रडल्या. सकाळी अख्ख्या गावाला ऐकू गेलं होतं, या वेळी शेजारी बसलेल्या मलाही नीट ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, त्यांनी भावाला पायरीवरून उठवलं. त्यांची मुलगी शाळेत गेलेली होती. "माझी पोरगी सातवीत हाये," त्या म्हणाल्या. "तू हितं राहायचं न्हाई. त्या चाचाकडं राहा. रविवारी जेवायला यायचं, दुपारी, दाजी घरी असताना. ओसरीवर बसायचं. जेवून शेवटच्या गाडीच्या आदी निघायचं."

"यीन," भानुदास म्हणाला.

"आणि अजून काय खोटं सांगितलं असंल तर आत्ताच सांग. मला एकदमच रडू दे."

त्यानं मान हलवली. अजून काही नव्हतं. कौसाबाईंनी त्याच्या पिशवीत धपाटे बांधले, आणि मला नवऱ्याची जुनी चप्पल दिली, दोन नंबर मोठी. ती फटफटवत मी जालन्याला परतले, त्याला मस्तगडला चाचांच्या ताब्यात दिलं आणि नाशिकची गाडी धरली.

नंतर

त्यानंतर मी वर्षातून दोनदा तरी त्या बाजूला जात राहिले. सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या वर्षी गल्लीत कोणाला तरी कळलं आणि चारजण चाचांकडे तावातावानं आले, की तुम्हाला ठाऊक आहे का कोणाला ठेवलंय. चाचा म्हणाले, "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुम्ही बसा, काय काय नजर ठेवतो ते सांगतो." ते बसले. दोघं तेवढ्यावर गेले, दोघांनी पुढे कधी चाचांकडून सामान घेतलं नाही.

एकदा दोन कपाटं टेम्पोतून पोचवायची होती. भानुदास चढून बसला. गाव कुठलं ते विचारल्यावर कळलं की जाफराबादच्या वाटेवरचं. तो उतरला. चाचा नेमके त्या दिवशी घाईत, ते भडकले, कामचोर म्हणाले. तो खाली उभा राहून एवढंच म्हणाला, "तिकडं न्हाई जायचं ठरलंय." मग चाचा स्वतः टेम्पोत चढले आणि कपाटं पोचवून, पाठ आखडून घेऊन आले.

कौसाबाईंचे रविवार चालू होते. पहिलं वर्षभर त्या ताट वाढून आत निघून जायच्या. मग कधी तरी दारात उभ्या राहून बोलायला लागल्या. नंतर एकदा गेले तर दोघं ओसरीवर बसून आईबद्दल भांडत होती, की ती कारळ्याच्या चटणीत लसूण घालायची की नाही. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.

जाफराबादला मी प्रत्येक खेपेला जायची, आणि आधी तिथे जायची. मी त्याची खबर द्यायची, तिला ऐकायची असेल तेवढीच. पुढे पुढे ती विचारायचीच नाही. माझ्या बाह्या, माझे गुडघे, तिच्या हाताखाली शिकणाऱ्या दोघी, यातच वेळ जायचा. कौसाबाईंचा एक निरोप होता, की तिला चालत असेल तर त्या येऊन पाया पडतील. ती म्हणाली, "नको. पन तिला म्हनावं, चार बायांपुढं बोल्ली व्हती, आता चार बायांपुढं खरं सांगावं." कौसाबाईंनी त्याच आठवड्यात माहेरच्या त्या बाजारात जाऊन, भाजीच्या रांगेत, आपल्या मापाच्या आवाजात ते सांगितलं. अर्ध्या तालुक्याला ऐकू गेलं असणार.

शेवटची भेट झाली तेव्हा माझं वय झालं होतं आणि जीपवाले मला आता मावशीऐवजी आजी म्हणायला लागले होते. दुकान मोठं झालं होतं. नवं मशीन होतं, मोटरीवर चालणारं. मी म्हटलं, "हे कुठून आणलंत?"

"जालन्याहून. दिवाळीच्या आदी जाऊन आले."

"कोणाबरोबर?"

"एकटीच." तिनं कापड मशीनखाली सरकवलं. "दुकान मस्तगडलाच हाये. त्याच रस्त्यावरनं गेल्ते."

मी विचारलं, "दिसला का?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मी मशीन बघून राह्यली व्हती."